हातचा एक, गोटीच्या रूपात

संगणक बांधायला घेतला तर सर्वांत आधी अशी एक वस्तू लागते, जिला मध्येच उभं राहता येत नाही. ती डावीकडे कललेली असेल, नाहीतर उजवीकडे. 'थोडीशी डावीकडे' ही सोय तिला नसावी. चिपच्या आत हे काम ट्रान्झिस्टर करतात आणि आपल्याला त्यातलं काहीच दिसत नाही. तेच काम गोट्या आणि उतार घेऊन केलं तर हिशेब डोळ्यांसमोर गडगडत खाली येतो. कॅनडातल्या मथियास वँडेल या हौशी सुताराने गोट्यांनी बेरीज करणारं असं एक लाकडी यंत्र बांधलंय, सहा द्विमान अंकांचं. पण त्यासाठी करवत लागते, सुतारकामाला सरावलेला हात लागतो आणि भुसा सहन करणारं कुटुंब लागतं. माझ्याकडे तिन्ही नाहीत, म्हणून मी माझं यंत्र अल्गोडूत बांधलं.

अल्गोडूला खेळ म्हणा, नाहीतर पडद्यावरची प्रयोगशाळा म्हणा. स्वीडनमधल्या उमेओ विद्यापीठात एमिल एर्नरफेल्ट या विद्यार्थ्याने २००८ साली 'फन' नावाचा एक प्रोग्रॅम केला. त्याच गावातल्या अल्गोरिक्स कंपनीने तो वाढवून पुढच्या वर्षी अल्गोडू या नावाने आणला. इथे चौकोन काढून स्पेसबार दाबला की चौकोन खाली पडतो, कारण या जगात गुरुत्वाकर्षण आहे. वर्तुळ उतारावर ठेवलं तर गडगडतं. दोन वस्तू बिजागरीने जोडता येतात, प्रत्येकीला घनता, घर्षण आणि उसळी वेगवेगळी देता येते. स्पेसबार पुन्हा दाबला की सगळं जागच्या जागी थबकतं आणि हवेत लटकलेल्या गोटीच्या खालची पट्टी निवांत सरकवता येते. सुताराला ही चैन नाही.

आधी हिशेबाचं पाहू. किलो-ग्रॅम येण्याआधीची वाण्याची वजनं आठवा, स्वतः पाहिली नसतील तर आजीच्या तोंडून ऐकलेली: छटाक, नवटाक, पावशेर, अच्छेर, शेर. दोन छटाकांचं नवटाक, दोन नवटाकांचा पावशेर, दोन पावशेरांचा अच्छेर आणि दोन अच्छेरांचा शेर. प्रत्येक वजन मागच्याच्या दुप्पट. शेराखालची चार वजनं एकेकच असली, तरी एक छटाकापासून पंधरा छटाकांपर्यंत कितीही माल तोलता येतो. सहा छटाक हवेत तर पावशेर आणि नवटाक ठेवा. नऊ हवेत तर अच्छेर आणि छटाक. दर वजनाला प्रश्न एकच, पारड्यात आहे की नाही? 'आहे'ला १, 'नाही'ला ० लिहिलं आणि मोठं वजन डावीकडे धरलं, की सहा म्हणजे ०११० आणि नऊ म्हणजे १००१. द्विमान पद्धत म्हणतात ती एवढीच.

बेरजेचा नियमही दुकानातलाच. एकच वजन दोनदा आलं की ती जोडी उचलायची आणि त्याऐवजी पुढचं एक ठेवायचं. शाळेत आपण याला 'हातचा एक' म्हणायचो. तिथे दहा झाले की हातचा यायचा, इथे दोन झाले की येतो. गोट्यांच्या यंत्राला करायचं असतं ते इतकंच: दोन झाले हे ओळखायचं, जागा रिकामी करायची आणि हातचा पुढे पाठवायचा.

हे गोट्यांनी होईल, असं सुचलेला माणूस फार जुना आहे. गॉटफ्रीड लायब्निझ याने १६७९ सालच्या एका लॅटिन टिपणात अशा यंत्राचं वर्णन केलंय. एका पेटीला भोकं. जिथे १ आहे तिथलं भोक उघडं, जिथे ० तिथलं बंद. उघड्या भोकांतून गोट्या खालच्या पन्हळींत पडतील आणि पन्हळीत दोन जमल्या की एक पुढच्या पन्हळीत जाईल. टिपण कागदावरच राहिलं. दोन जमल्याचं ओळखणारा भाग नेमका कसा करायचा, यातच तर सगळी मेख आहे.

त्या भागाला मी 'पलटी' म्हणतो. सीसॉसारखी एक आडवी पट्टी घ्या, तिच्या मधोमध एक उभी शेंडी चिकटवा आणि पट्टीचा मध्य मागच्या भिंतीला बिजागरीने खिळवा. शेंडीमुळे या तुकड्याचा गुरुत्वमध्य बिजागरीच्या वर येतो, म्हणून तो सरळ उभा राहू शकत नाही, एका बाजूला कलतोच. दोन्ही बाजूंना, साधारण २५ अंशांवर, एकेक अटकाव ठेवा. झाली पलटी. आता तिच्या बरोबर वरून गोटी सोडा. पलटी डावीकडे कललेली असेल तर शेंडीही डावीकडे झुकलेली असते. वरून येणारी गोटी शेंडीच्या उजव्या अंगाने उतरते, उचललेल्या उजव्या बाहूवर पडते, आपल्या वजनाने तो बाहू खाली दाबते आणि उजवीकडून निघून जाते. जाताना पलटी उजवीकडे कलवून जाते. त्यामुळे पुढची गोटी शेंडीच्या डाव्या अंगाला पडते, डावीकडून निघते आणि पलटी पुन्हा पहिल्यासारखी होते.

डावीकडे कललेली पलटी म्हणजे ०, उजवीकडे कललेली म्हणजे १, असं ठरवा. पहिली गोटी आली: ० चा १ झाला, गोटी उजवीकडून बाहेर. तिचं काम संपलं, ती खालच्या ट्रेमध्ये. दुसरी आली: १ चा ० झाला, गोटी डावीकडून बाहेर. ही डावीकडून निघालेली गोटी म्हणजे हातचा. डावीकडे, जरा खालच्या पातळीवर, दुसरी पलटी ठेवली आणि मधे पन्हळ टाकली की हातचा आपल्या पायांनी पुढच्या घरी जातो. उजवीकडे वर छटाकाची पलटी, तिच्या डावीकडे खाली नवटाकाची, मग पावशेराची, मग अच्छेराची, असा डावीकडे उतरणारा जिना होतो.

पहिल्या पायरीवर एकामागून एक गोट्या टाका आणि दर गोटीनंतर चारही शेंड्या वाचा. ०००१, ००१०, ००११, ०१००. पहिली पलटी दर गोटीला हलते, दुसरी दर दोन गोट्यांना, तिसरी चारांना, चौथी आठांना. मोजणारं यंत्र तयार झालं आणि त्यात आपण मोजायला कुणालाच शिकवलेलं नाही.

कागदावर हे इतकं सरळ आहे. अल्गोडूत पहिल्यांदा स्पेसबार दाबला तेव्हा माझी गोटी पट्टीच्या आरपार गेली.

त्याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. सिम्युलेशनमध्ये काळ सलग वाहत नाही. सिनेमाच्या फितीसारखी चित्रं असतात. समजा सेकंदाला ६०. प्रत्येक चित्रात प्रोग्रॅम बघतो, कोण कुणात घुसलंय, आणि घुसलेल्यांना बाहेर ढकलतो. मी खऱ्या गोटीच्या मापाने, म्हणजे २ सेंटिमीटर व्यासाची गोटी केली होती. ती २० सेंटिमीटर उंचीवरून पडली की तिचा वेग सेकंदाला सुमारे २ मीटर होतो. म्हणजे एका चित्रापासून पुढच्या चित्रापर्यंत ती ३.३ सेंटिमीटर सरकते, स्वतःच्या व्यासाहूनही जास्त. या चित्रात पट्टीच्या वर, पुढच्या चित्रात खाली. पट्टीला ती लागली कधी, हे बघायला मध्ये कुणी नव्हतंच. उपाय सोपा आहे, सगळं दसपट मोठं बांधायचं. गोटी २० सेंटिमीटरची, पडण्याची उंची २ मीटर. वेग वाढून ६.३ मीटर होतो, पण दर चित्रामागे सरकणं होतं साधारण साडेदहा सेंटिमीटर, गोटीच्या व्यासाच्या जवळजवळ निम्मं. उंची दसपट केली तरी वेग मात्र तिच्या वर्गमुळाच्याच प्रमाणात, म्हणजे तिपटीहून थोडाच जास्त वाढला. चित्रांची संख्या वाढवूनही हेच साधतं, पण मग कॉम्प्युटरचा पंखा तक्रार करू लागतो.

मोठी झाली तरी ही गोटी खरी गोटी नाहीच, चकती आहे, कारण अल्गोडूचं जग कागदासारखं सपाट आहे. खरी भरीव गोटी न घसरता उतारावरून गडगडते तेव्हा घर्षणविरहित घसरणीच्या ५/७ त्वरणाने येते, चकती २/३ त्वरणाने. दहा अंशांच्या उतारावर हा फरक १.२२ आणि १.१३ मीटर प्रतिसेकंद वर्ग एवढाच. यंत्राला त्याने काही होत नाही, पण लाकडी यंत्राची मापं तशीच्या तशी उचलणाऱ्याने लक्षात ठेवावं.

दुसरी अडचण पलटीच्या वजनाची. गोटीने पलटीला हरवलं पाहिजे, तेही निर्विवाद. समजा दोघींचं वस्तुमान सारखं आहे. पलटीचा गुरुत्वमध्य बिजागरीच्या २० सेंटिमीटर वर असेल तर २५ अंश कललेल्या अवस्थेत तो बाजूला साडेआठ सेंटिमीटर सरकलेला असतो. गोटी मात्र बाहूवर बिजागरीपासून ४० सेंटिमीटरवर टेकली तर तिचं आडवं अंतर ३६ सेंटिमीटर भरतं. चौपटीहून जास्त जोर गोटीच्या बाजूने, पलटी निमूट उलटते. शेंडी उंच आणि जड केली की हे गणित बिघडतं. गोटी येऊन बाहूवर बसून राहते. उलट शेंडी फार हलकी केली तर शेजारून गेलेल्या गोटीच्या धक्क्यानेही पलटी डोलते.

तिसरी खोड मला सर्वांत छळून गेली. गोटी बाहूवर आपटायची, उसळायची, शेंडी ओलांडून दुसऱ्या बाहूवर पडायची आणि पलटी परत पहिल्या जागी. एका गोटीचे दोन मोजले जायचे. विजेच्या साध्या बटणातही हेच होतं. दाबल्यावर आतले धातूचे पत्रे क्षणभर थरथरतात आणि एकदा दाबलेलं बटण पाच-सात वेळा दाबल्यासारखं दिसतं, म्हणून इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांना ती थरथर गाळावी लागते. इथे दोन गोष्टी कराव्या लागल्या. गोटी आणि पलटी दोघींची उसळी शून्याजवळ आणली आणि प्रत्येक पलटीच्या आधी पन्हळीला एक नागमोडी वळण दिलं. गोटी वळणावर भिंतीला थडकते, तिचा सगळा माज उतरतो आणि मग ती हळूच पलटीवर पडते. दोन मीटरवरून आलेली असो की चार, पलटीपाशी पोचताना सगळ्यांचा वेग जवळपास सारखाच.

एक गंमत फक्त सिम्युलेशनमध्येच दिसते. पलटी अगदी सरळ उभी काढली आणि खेळ चालू केला तर ती तशीच उभी राहते. लाकडाची पलटी अशी राहणं शक्य नाही. वाऱ्याची झुळूक, टेबलाचा कंप, बिजागरीतला कचरा, काहीतरी तिला पाडतंच. अल्गोडूत वाटेल तेवढं काटेकोर उभं राहता येतं, म्हणून इथे पलटी मुद्दाम एका बाजूला कलवूनच सुरुवात करावी लागते.

मोजणी जमली की बेरीज फार लांब नसते. आतापर्यंत गोट्या फक्त छटाकाच्या पलटीवर पडत होत्या. आता प्रत्येक पलटीच्या डोक्यावर एकेक नरसाळं बसवा आणि नरसाळ्यावर एकेक खिट्टी, म्हणजे खिट्टी ओढली की एक गोटी त्या पलटीवर पडेल. पलट्यांवर आधी सहा आहेत, ०११०, आणि त्यांत तीन मिळवायचे आहेत. तीन म्हणजे नवटाक आणि छटाक. छटाकाची खिट्टी ओढा: तिथे ० होता, १ झाला, गोटी ट्रेमध्ये. नवटाकाची ओढा: तिथे १ होता, ० झाला, गोटी हातचा बनून पावशेराकडे गेली. तिथेही १ होता, तोही ० झाला आणि तीच गोटी अच्छेराकडे. तिथे ० होता, १ झाला, गोटी ट्रेमध्ये. शेंड्या वाचा: १००१. नऊ. अच्छेर आणि छटाक.

कोणती खिट्टी आधी ओढायची? कोणतीही. आधी नवटाक, मग छटाक केलं तरी उत्तर नऊच येतं. फक्त एका गोटीचा प्रवास पुरता संपल्याशिवाय दुसरी सोडायची नाही. हातचा म्हणून आलेली गोटी आणि वरून सोडलेली गोटी एकाच पलटीवर एकाच वेळी पोचल्या तर दोघी शेंडीच्या दोन अंगांना अडकून बसतात आणि पलटी कुठेच जात नाही. सर्वांत लांबचा प्रवास ११११ मध्ये १ मिळवताना घडतो, कारण तेव्हा एकच गोटी चारही पायऱ्या उतरते. ठराविक वेळाने गोट्या सोडायच्या असतील तर दोन गोट्यांमधलं अंतर या सर्वांत लांबच्या प्रवासाइतकं ठेवावं लागतं. हातच्याची ही पायरीपायरीची वाटचाल चिपमधल्या सर्वांत साध्या बेरीज-मंडलालाही असते आणि त्याचा वेग तीच अडवते.

दुसरा मार्ग अधिक देखणा आहे. काम संपवून खाली आलेल्या गोटीनेच पुढची गोटी सोडायची. अमेरिकेतल्या जॉन गॉडफ्रे यांनी १९६५ साली शोधलेल्या आणि ई. एस. आर. कंपनीने विकलेल्या 'डिजी-कॉम्प २' या खेळण्यात नेमकं हेच आहे. कललेली फळी, वर गोट्यांचा साठा, खाली तरफ. गोटी तरफेवर आपटली की वरून पुढची सुटते. एकदा सुरू केलं की उत्तर येईपर्यंत यंत्र आपलं आपण चालतं. माझ्या यंत्रात ट्रेपासून वरच्या खिट्टीपर्यंत एक लांब काठी नेली. ती पन्हळींना छेदून जाते, पण अल्गोडूत प्रत्येक वस्तू कोणत्या थरात आहे ते ठरवता येतं आणि वेगळ्या थरातल्या वस्तू एकमेकींना लागत नाहीत. लाकडात हीच काठी फळीच्या मागून न्यावी लागली असती. अल्गोडूत याहून मोठी लबाडी करायचीही सोय आहे, वस्तूंना छोटे प्रोग्रॅम जोडता येतात. गोटी लागली की आकडा एकाने वाढव, असं एका ओळीत लिहून मोकळं होता येतं. पण मग गोट्या कशाला हव्यात?

वजाबाकीला वेगळं यंत्र लागत नाही. नवातून तीन वजा करायचे असतील तर तिनाचे सगळे अंक उलटे करा: ००११ चं ११००, म्हणजे बारा. त्यात एक मिळवा, तेरा. आता नवात तेरा मिळवा. बावीस होतात, पण आपल्याकडे पंधराच्या पुढे जागाच नाही. अच्छेराच्या पलटीतून डावीकडे निघालेल्या हातच्याला पुढची पायरी नाही, तो थेट खाली पडतो आणि जाताना सोळा घेऊन जातो. उरले सहा. पूर्ण शेर झाला, तो पेटीबाहेर गेला. गुणाकार म्हणजे पुन्हापुन्हा बेरीज. पाच त्रिक करायचं तर पाच तीनदा मिळवायचे आणि तीन मोजायला दुसरा छोटा जिना लावायचा, जो तीन झाल्यावर खिट्टी अडवेल. डिजी-कॉम्प २ चार अंकी द्विमान संख्येला तीन अंकी संख्येने गुणतं. सर्वांत मोठा गुणाकार १५ गुणिले ७, उत्तर १०५, त्याला सात पलट्या पुरतात.

इथून पुढे गोट्यांची एक मर्यादा टोचायला लागते. विजेची एक तार एकाच वेळी चार ठिकाणी बातमी देते. गोटी एका वेळी एकाच ठिकाणी जाते, एका गोटीच्या दोन होत नाहीत. एका पलटीची स्थिती दोन ठिकाणी हवी असेल तर दोन पलट्यांना दाते बसवून त्या एकमेकींत अडकवाव्या लागतात, म्हणजे एक उलटली की दुसरीही उलटते. २०१७ मध्ये पॉल बॉसवेल यांनी आणलेल्या 'ट्युरिंग टंबल' या गोट्यांच्या खेळात असे दातेरी तुकडे आहेत आणि दोन वाटा एकमेकींना छेदून जाव्यात म्हणून वेगळा तुकडाही आहे. मी दातेरी चाकांऐवजी दोन पलट्यांमध्ये दोन्ही टोकांना बिजागरी असलेली एक दांडी टाकली. दांडी थोडी लांब झाली तर दोन्ही पलट्या एकदम अटकावापर्यंत पोचत नाहीत आणि एक अधांतरी राहते, एवढं सांभाळायचं.

त्या अधांतरी राहण्यावरच सगळं येऊन थांबतं. १९८२ साली एडवर्ड फ्रेडकिन आणि टोमासो टोफोली यांनी बिलियर्डच्या चेंडूंचा संगणक कागदावर मांडला. त्यात पलट्या नाहीत, घर्षण नाही. चेंडू एकमेकांवर आदळतात आणि आदळण्यातूनच तर्क घडतो. विचार म्हणून तो फार सुंदर आहे. पण एका चेंडूची दिशा केसभर चुकली तर पहिल्या टकरीत ती चूक वाढते, दुसरीत आणखी वाढते आणि थोड्याच टकरींत चेंडू भलतीकडेच निघतो. मी अल्गोडूत घर्षण आणि हवेचा विरोध शून्यावर आणून असे चेंडू सोडून पाहिले. सिम्युलेशनची आकडेमोड ठराविक दशांश स्थळांपर्यंतच होते, तेवढ्या चुकीनेही काही टकरींनंतर सगळं विस्कटलं.

पलटीवर हे घडत नाही. गोटी जोरात पडली, हळू पडली, मध्यापासून ३० सेंटिमीटरवर पडली की ४० वर, पलटी अटकावाला टेकली की यातलं काहीही उरत नाही. दर पायरीवर गोटीची आधीची सगळी हकीकत पुसली जाते आणि फक्त डावं की उजवं एवढंच पुढे जातं. म्हणूनच चार पायऱ्यांच्या जागी चाळीस लावल्या तरी चाळिसावी पलटी पहिलीइतकीच ठाम उलटते. पुसण्याचं हे काम घर्षण आणि आपटणं करतं, आणि त्यासाठी लागणारी ऊर्जा पायरीमागे गोटी जेवढी खाली उतरली तेवढ्या उंचीतून येते. नागमोडी वळणावर गोटीचा वेग मारला तेव्हा वाटलं होतं की ऊर्जा फुकट घालवतोय. प्रत्यक्षात तिथेच ती कामी येत होती.

आता माझा जिना सात पायऱ्यांचा आहे. १५ गुणिले ७ लावलं की दर बेरजेला चार, अशा अठ्ठावीस गोट्या खाली येतात आणि शेवटी शेंड्या ११०१००१ दाखवतात. मग साठवलेला देखावा पुन्हा उघडतो, सगळ्या गोट्या वर जाऊन बसतात. लाकडी यंत्रासमोर याच वेळी वाकून ट्रेमधल्या गोट्या मुठीने उचलाव्या लागतात, आणि त्यांतली एक हमखास कपाटाखाली गेलेली असते.